म्हाळाला 'पानावर' बसायचं आमंत्रण आहे. जाताना काय न्यावं?

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय तो विचारता येणार नाही.

मी दापोलीकडचा. गेल्या वर्षी जूनमध्ये बदलीवर तासगावला आलो. बिऱ्हाड अजून तिकडेच, त्यामुळे इथे मी आणि खानावळ. ऋषिपंचमीचा रथोत्सव बघितला, गुलालात न्हालो, वाटलं आता इथलं सगळं कळलं. मग भाद्रपदी पौर्णिमा उलटली, पितृपक्ष लागला आणि ऑफिसात दुपारचे डबे दिसेनासे झाले. जो तो विचारतोय, "आज कुणाकडं?"

आमच्याकडे पितृपक्षातलं श्राद्ध (इथे त्याला म्हाळ म्हणतात) म्हणजे घरातलं काम. भटजी येणार, मागीलदारी पान ठेवणार, कावळा शिवेपर्यंत आजोबा ताटकळत उभे. भावकी सोडून कुणाला बोलावणं नाही. श्राद्धाचं जेवण शेजाऱ्याने घ्यावं की नाही यावरच आजी कुजबुजायची. आणि इथे? "आमच्याकडं म्हाळ हाय, या की जेवायला" हे बारशाच्या आमंत्रणासारखं हसत सांगतात. पहिल्यांदा मी चेहरा पाडून "अरेरे, कोण गेलं?" असं विचारलं होतं. समोरचा म्हणाला, "आज्जा. मी चौथीत असताना." एका दिवसात तीन आमंत्रणं आली. चौथं चहाच्या गाड्यावर, ज्याचं नावही मला ठाऊक नव्हतं अशा माणसाने दिलं. विधानसभा तोंडावर होती, त्यामुळे प्रत्येक पंगतीत कुणीतरी इच्छुक हात जोडून उभा.

आमच्या ऑफिसात शिपाई आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते एकदा टेबलाशी येऊन म्हणाले, "सायेब, मंगळवारी आमच्याकडं म्हाळ. तुम्ही यायचं, आन् पानावर बसायचं." मी म्हटलं बसतो की. जेवायला म्हणजे पानावरच बसतात ना माणसं. मला त्या शब्दाचा अर्थच माहीत नव्हता.

मंगळवारी, म्हणजे सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, अर्धा दिवस रजा टाकून त्यांच्या गावी गेलो. तासगावपासून आठ-दहा किलोमीटर. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि ऐन पितृपक्षात बागांत छाटणी जोरात. मी मामांना विचारलं, या पंधरवड्यात नवीन काम धरत नाहीत ना? ते म्हणाले, "ते माणसांचं. बागंचं पंचांग येगळं."

सोप्यात बसलो. एका कडेला झाकून ठेवलेली मोटारसायकल, टायरमधली हवा पार गेलेली. मामांच्या आई आल्या, पंचाहत्तरीच्या असतील. "या सायेब, बसा. ऊन लागलं आसंल." पाणी दिलं, वारा घातला. पाच मिनिटांनी मामांनी मला दारात पाटावर उभं केलं आणि तांब्याने पायावर पाणी घालायला लागले. मी मागे सरकलो. रोज मला चहा आणून देणारा, वीस वर्षांनी मोठा माणूस माझे पाय धुतोय. ते हळूच म्हणाले, "हलू नगा. आता तुम्ही तुम्ही न्हाई."

तेव्हा कळलं. पाच पानं मांडलेली. एका पानावर गावातले म्हातारे, ते मामांचे वडील. एका पानावर शेजारची सवाष्ण, ती चुलती. तसेच आणखी दोघे. शेवटचं पान माझं, आणि त्यामागे भिंतीला हार घातलेला फोटो. मामांचा धाकटा भाऊ. गेला तेव्हा चौतीस वर्षांचा. मी पस्तीसचा. गावात त्या वयाची पोरं कमी का आहेत? पण सगळी त्याच्याबरोबर खेळलेली. त्यांना बसवलं की म्हातारीला बघवत नाही, असं मामांच्या बायकोने नंतर सांगितलं. म्हणून परका.

गंध लावलं, उदबत्ती ओवाळली. गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून आगारी दाखवली. पत्र्यावर नैवेद्य ठेवला. पानात काय नव्हतं? गवार, भेंडी, कारलं, लाल भोपळा, मेथी, अळूवडी, भजी, उडदाचे वडे, कढी, कटाची आमटी, पुरणाची पोळी, तांदळाची खीर आणि खिरीत बेदाणे (तासगावात खिरीत बेदाणे नसतील तर कशात असणार). माझ्या एकट्याच्या पानाशेजारी आणखी दोन गोष्टी होत्या: वाटीभर भडंग आणि काचेच्या पेल्यात अर्धा पेला चहा. इतरांच्या पानाशी नव्हत्या. मी विचारलं नाही.

आजी वाढायला आल्या, आणि इथे मी गडबडलो. दारात मला "या सायेब" म्हणणारी बाई आता म्हणत होती, "भोपळा टाकू नगंस. कढी घे की अजून. सावकाश जेव, पळतंय का कुठं?" मला लाल भोपळा जन्मात आवडलेला नाही. संपवला. वर तिने दुसरा वाढला, तोही संपवला. भडंग चहात बुडवायचं की चहा वेगळा प्यायचा ते कळेना. तिच्याकडे बघितलं, तिने नुसती मान हलवली, म्हणून वेगळा प्यालो. मघापासून पत्र्यावर कावळे आलेले होते, पण ती तिकडे एकदाही बघत नव्हती.

हात धुतला. मामांनी टॉवेल-टोपी दिली, वर अकरा रुपये. आजी म्हणाल्या, "सायेब, जेवण बरं झालं न्हवं? काय कमी-जास्त झालं आसंल तर..." परत साहेब. तो मधला अर्धा तास कुठे गेला कोण जाणे.

तर प्रश्न हा. यंदा (२०२५) पुन्हा सांगितलंय, २० सप्टेंबरला. गेल्या वर्षी मी पावशेर पेढे नेले होते. मामांच्या बायकोने ते कुणाला दिसू न देता आत नेऊन ठेवले, त्यावरून चूक झाली एवढं समजलं. काय न्यावं? की काहीच नेऊ नये?

---

बेदाणा

पितर काय घेऊन येत नसतो. रिकाम्या हातानं जावा आणि पोटभर जेवा, एवढंच तुमचं काम.

मामा छाटणीचं म्हणाले ते शंभर टक्के. आमच्याकडं फळछाटणी हवामान बघून धरतात. पितृपक्ष संपायची वाट बघत बसलो आणि छाटणीनंतर फूट निघायच्या वेळेला पाऊस गाठला, तर दावण्या (बुरशीचा रोग) येतो आणि वर्ष जातं. माझ्या वडलांच्या म्हाळादिवशी बागेत मजुरांची टोळी असते. ती पण पंगतीला. त्यांची पंगत पहिली, कारण त्यांना परत बागेत जायचं असतं.

---

भुईनळा

उमेदवार लोक पितृपक्षात अर्ज भरत नाहीत, पण म्हाळाची पंगत एकही चुकवत नाहीत. आमच्या गल्लीत गेल्या साली एका दिवसात एक जण सात ठिकाणी जेवला. सातही ठिकाणी "आईच्या हातची चव आली" म्हणाला.

---

माहेरवाशीण

धागा वाचून डोळ्यांत पाणी आलं वगैरे लिहिणार होते, पण आधी चुलीपाशी काय चालतं ते लिहिते. ते कुणीच लिहीत नाही.

माझं सासर वाळव्याकडं. आमच्या भावकीत पंधरा दिवसांत नऊ म्हाळ. नऊ ठिकाणी पुरुष जेवून येतात आणि नऊ ठिकाणी आम्ही जावा-जावा पोळ्या लाटतो, कारण एकीच्या घरी म्हाळ म्हणजे सगळ्यांचे हात. पहाटे चारला पुरण शिजायला टाकायचं. पाच भाज्या निवडायच्या. गवार आणि अळू यांचे भाव याच पंधरवड्यात कसे चढतात ते बाजारात जाणाऱ्या बाईलाच ठाऊक. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी तोंडात घास घालायचा नाही. पोरं भुकेनं रडतात, त्यांना गपचूप भजं द्यायचं. बायकांची पंगत बसते तेव्हा चार वाजलेले असतात, भजी गार आणि कढीला साय.

तरी मला हा पंधरवडा आवडतो, हे पण खरं. वर्षात एवढ्या बायका एका चुलीभोवती दुसऱ्या कशाला बसत नाहीत. लग्नाला आता केटरर असतो. म्हाळाला अजून नाही. पोळ्या लाटता लाटता गेलेल्या माणसांचं जे बोलणं निघतं ते फोटोसमोर कुणी बोलत नाही. माझ्या आजेसासूबाईंना नवऱ्यानं विहिरीवर कसं मारलं होतं ते मला म्हाळाच्या चुलीपाशी कळलं. बाहेर त्याच आजेसासऱ्यांच्या नावानं पान मांडलेलं होतं, आणि त्यात त्यांची आवडती अळूवडी.

अविधवा नवमीला सवाष्णीचं पान असतं, तिला साडी-चोळी, ओटी. आणि आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही, म्हणून वडलांचा म्हाळ कोण घालणार असा प्रश्न भावकीनं काढला होता. त्यावर आजेपाडवा आहे: आश्विनाचा पहिला दिवस, घटस्थापनेचा, त्या दिवशी मुलीचा मुलगा आईच्या वडलांना जेवू घालतो. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. पत्र्यावर घास ठेवतो आणि खाली उतरायच्या आत ओरडतो, "आलाsss!" आला असला-नसला तरी.

तुमच्या प्रश्नाचं: पेढे आत ठेवले कारण गोड वाटणं झालं असतं. म्हाळाला पेढा वाटत नाहीत. मनाला लावून घेऊ नका.

---

साधा_माणूस

जिवंतपणी म्हाताऱ्याला कुणी पाणी विचारत नाही आणि मेल्यावर पुरणपोळी. ढोंग आहे सगळं. तोच पैसा गरीब पोरांच्या शिक्षणाला द्या.

---

कुंडलचा_तात्या

साधा_माणूस, हे वाक्य दर भाद्रपदात कुणीतरी टाकतं, त्याचा पण एक म्हाळ घालायला पाहिजे.

पण मुद्द्याचं बोलू. आमच्या घरात भटजी येत नाही, तीन पिढ्या झाल्या. पणजोबा सत्यशोधक. या भागात त्याचं नवल नाही. जोतिरावांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, आणि २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात समाज निघाला त्यानंतर सातारा जिल्ह्यात तो गावोगाव जलशांतून पोचला (तेव्हा आमचं कुंडल औंध संस्थानात, पण सातारा जिल्ह्याला लागूनच). पणजोबांचं म्हणणं एवढंच होतं की आपल्या बापाला जेवू घालायला मधला माणूस कशाला? मंत्र गेले, संकल्प गेला, दक्षिणा गेली. पान राहिलं. पंगत राहिली. उलट वाढली, कारण दक्षिणेचं वाचलं ते डाळीत घातलं.

आणि शिक्षणाचं म्हणता, तर तेही जुनंच आहे. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढं वसतिगृहांतली पोरं जगवायला मुष्टिफंड होता. घरातल्या बाईनं रोज दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते बोर्डिंगला. आमच्या आजीनं त्याला म्हाळ जोडला. म्हाळादिवशी जेवढी माणसं जेवली तेवढ्या मुठी ज्वारी पोत्यात. मी लहानपणी ते पोतं सायकलवरनं पोचवलेलं आहे. आता ज्वारी नको म्हणतात, पैसे देतो. यंदा घटस्थापना आणि कर्मवीर जयंती दोन्ही २२ सप्टेंबरलाच आलीत, त्या दिवशी जाऊन देणार.

तेव्हा एक सोडून दुसरं करा असं काही नाही. दोन्ही एकाच पातेल्यातनं होतं.

---

साधा_माणूस

तात्या, पोत्याचं आवडलं. बाकी मत तेच.

---

पिंपळपान

मला आलेला मेसेज: वड आणि पिंपळ यांचं बी कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय उगवतच नाही. भाद्रपदात कावळी अंडी घालते, म्हणून पूर्वजांनी या महिन्यात त्यांना सकस अन्नाची सोय केली. केवढा विचार होता बघा!

---

घरटं

पिंपळपान, राग मानू नका, दोन्ही चूक.

आपल्याकडं गावकावळ्याची वीण उन्हाळ्यात सुरू होऊन पावसाच्या सुरुवातीपर्यंत चालते. कोकीळ ओरडत असतो त्याच दिवसांत, आणि ते उगाच नाही, त्याच्या मादीला कावळ्याच्याच घरट्यात अंडी टाकायची असतात. भाद्रपदापर्यंत पिल्लं उडालेली असतात. आणि वडा-पिंपळाचं बी पक्ष्याच्या पोटातून गेलं की रुजायला मदत होते हे खरं, पण ते काम एकट्या कावळ्याचं नाही. मैना, बुलबुल, हरियाल, वटवाघळं सगळीच ती फळं खातात.

कावळा येतो त्याचं कारण साधं आहे: तो हुशार आहे. एका वाडीत बारा वाजता पत्र्यावर वडे ठेवतात हे त्याला दोन दिवसांत कळतं. दहाव्याला नदीवर कावळा शिवत नाही म्हणून माणसं रडकुंडीला येतात आणि पितृपक्षात शिवतो, कारण पितृपक्षात गावभर ताटं असतात आणि तो निवांत निवडून खातो. पहिल्यांदा वडा उचलतो. भात शेवटी. पंधरा वर्षं बघतोय.

---

गलाईवाला

तुमच्याकडं कावळे तरी आहेत. आम्ही खानापूर तालुक्यातले, सोन्या-चांदीच्या गलाईत (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा). आजोबा कोइमतूरला आले, मी इथंच जन्मलो. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलीत, त्यामुळं म्हाळ पण पांगलाय. गावाकडं एक, इथं एक.

वडलांना इथं एक सोय सापडली. तमिळ लोकांची हीच अमावास्या, ते महाळय अमावासै म्हणतात. त्या दिवशी पेरूरला नोय्यल नदीवर तर्पणाला ही गर्दी! आणि शेजारच्या पाटी (आजी) तर रोजच आधी कावळ्याला भात ठेवतात, मग घरात जेवण. तर आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कावळे पाटींच्या वेळेला येतात, आमच्या नाही. पहिल्या वर्षी आम्ही दीड वाजेपर्यंत थांबलो. दुसऱ्या वर्षी आईनं पोळी-वडे घेऊन पाटींनाच सांगितलं, तुमच्या भाताशेजारी ठेवा. तेव्हापासनं आमच्या आजोबांचा घास कावळा सांबारभाताबरोबर नेतोय. आजोबांना सांबार आवडायचं नाही, पण बोलतो कुणाला.

---

माहुलीकर

साताऱ्याकडं कुणी आलं नाही अजून? सर्वपित्रीला संगम माहुली बघायला या. कृष्णा-वेण्णेचा संगम, सकाळपासून घाटावर पाय ठेवायला जागा नाही. एका बाजूला विधी चाललेले, दुसऱ्या बाजूला विश्वेश्वराच्या देवळात अभिषेक, आणि मध्ये पोरं पाण्यात उड्या मारतायत.

संगम म्हणजे अख्खं मरणाचं गाव आहे. थोरले शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात गेले, त्यांची समाधी इथं. महाराणी ताराबाई १७६१ ला गेल्या, त्यांची इथं. आयुष्यभर एकमेकांशी भांडलेली माणसं नदीकाठी शेजारी शेजारी. पूर आला की दोघांवर सारखाच गाळ.

पण माझ्या घरच्यांचं म्हाळाचं ठिकाण तिसरंच. खंड्या कुत्र्याची समाधी. शाहू महाराजांचा कुत्रा, शिकारीत वाघापासून वाचवलं म्हणून सांगतात. कुत्र्यासाठी चौथरा बांधून वर मूर्ती बसवलेली आहे. पानातला एक घास कावळ्याचा, एक गाईचा, एक कुत्र्याचा असतो ना, तर वडील कुत्र्याचा घास घरी टाकत नसत. पोळी फडक्यात बांधून इथं यायचे आणि घाटावरच्या कुत्र्यांना घालायचे. का विचारलं तर म्हणायचे, "इथली खानदानी आहेत." ते गेल्यापासून मी जातो. खानदानी मंडळी फक्त पुरण खातात, पोळीच्या कडा ठेवतात.

---

भिलवडी_घाट

२०१९ चा म्हाळ सांगतो.

ऑगस्टात महापूर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांला धोक्याची पातळी, त्या साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्याकडं माळ्यापर्यंत. ब्रह्मनाळची बोट उलटली ती त्याच पाण्यात, आमच्यापासून काही कोसांवर. आम्ही दहा दिवस शाळेत. परत आलो तर भांडी गेलेली, धान्याचं पोतं फुगून फाटलेलं, गुडघाभर चिखल. १४ सप्टेंबरला पितृपक्ष लागला. घर धुऊन झालं होतं पण भिंती ओल्या, सगळीकडं कुबट वास.

आज्ज्याचा फोटो पाण्यात गेला होता. काच शाबूत, आत नुसता तपकिरी डाग. एकच फोटो होता त्यांचा. बाबा म्हणाले यंदा नको. आई म्हणाली पितरांना काय पूर कळतो? मदतीत आलेले तांदूळ, मदतीत आलेली डाळ, शेजाऱ्यांची कढई. भाजी एकच, दुधी भोपळा. पाच कशाच्या आणायच्या, मळेच वाहून गेलेले. पान मांडलं आणि मागं तो डागाचा फोटो टेकवून ठेवला, हार घालून.

पानावर बसले ते मदत घेऊन आलेले परगावचे ट्रक ड्रायव्हर. आम्ही त्यांना नीट सांगितलं पण नव्हतं, नुसतं जेवा म्हटलं. पाय धुवायला लागलो तर म्हणाले, चिखल आहे म्हणून होय? आम्ही हो म्हटलं.

तो फोटो अजून तसाच आहे. दुसरा करून घ्यायला आहे तरी काय.

---

बेदाणा

भिलवडी_घाट 🙏

---

चकवा

धागाकर्ते, एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. मामांचा भाऊ कशानं गेला हे तुम्हाला ठाऊक आहे का?

तुम्ही आजाराने गेला असावा असं धरून लिहिलंय असं वाटतं. गेल्या साली तुम्ही सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी जेवलात, आणि यंदाची २० तारीख पण चतुर्दशीच आहे. इतरांचा म्हाळ ज्या तिथीला माणूस गेला त्या तिथीला घालतात, तिथी ठाऊक नसेल तर अमावास्येला. चतुर्दशी राखून ठेवलेली असते. घातचतुर्दशी. शस्त्रानं, अपघातानं, पाण्यात, असा अवेळी गेला त्याची. मोटारसायकल झाकून ठेवलीय असं तुम्हीच लिहिलंय.

त्या घरात सगळ्यांची पानं त्याच दिवशी मांडतात, त्यावरनं दिसतं की घरानं बापाची आणि चुलतीची तिथी सोडून त्याची धरलीय.

---

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)

चकवा, मला हे माहीत नव्हतं. वर्षभर त्यांच्याबरोबर काम करतोय, एकदाही विचारलं नाही.

---

माहेरवाशीण

विचारू नका. सांगायचं तेव्हा ते सांगतील.

आणि काय न्यायचं ते मला आत्ता सुचलं. तुम्ही दापोलीचे ना? आमसुलं न्या. म्हाळाला आमसुलाची चटणी लागतेच आणि आमच्या भागात ती दुकानातली, काळी पडलेली, नाहीतर सरळ चिंच. तुमच्या घरची, त्या सालची आमसुलं न्या. पण त्या दिवशी नाही, एक-दोन दिवस आधी पोचवा. त्या दिवशी नेलं तर ती भेट होते. आधी पोचवलं तर ते सामान होतं.

---

कुंडलचा_तात्या

हे बरोबर. सामान न्या.

---

साधा_माणूस

आमसुलाला माझी पण हरकत नाही.

---

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)

उशिरा लिहितोय, माफ करा. गुरुवारीच मामांच्या हाती अर्धा किलो आमसुलं दिली, आईने गावाहून पाठवलेली. शनिवारी गेलो.

सगळं तसंच. पाय धुताना या वेळी हललो नाही. चटणी वाटलेली होती, गूळ-जिरं घालून, सगळ्यांच्या पानात. आजी वाढताना म्हणाली, "आंबट हाय. तुला चालंल का न्हाई काय म्हाईत." तुला म्हणजे कुणाला हे मी आता विचार करत नाही. भोपळा दोनदा.

परतताना मामा मोटारसायकलवरून मला स्टँडपर्यंत सोडायला आले. त्यांची दुसरी आहे, झाकलेली नव्हे. विट्याच्या रस्त्याला लागण्याआधी एका वळणावर त्यांनी गाडी हळू केली, म्हणाले "हितं", आणि परत वेग धरला. बाकी काही बोललो नाही.

आणखी एक राहिलं. जेवण झाल्यावर मी पुन्हा साहेब झालो होतो, तेव्हा आजींनी उरलेल्या आमसुलांचा डबा दाखवून विचारलं, "ही किती दिस टिकत्यात, सायेब?" मी म्हटलं, कोरडी ठेवली तर दोन वर्षं सहज.

"मग पुढल्या सालचं झालं," म्हणाल्या आणि डबा फळीवर मागं सरकवला.